दोन्ही रकान्यांत खूण केलीस म्हणून

मुरूड, जि. रायगड

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या अर्जात तू ‘कृष्णवर्णीय’ आणि ‘आशियाई’ अशा दोन्ही रकान्यांत खूण केलीस, त्यावर खोलीतली मैत्रीण ‘आमच्यातली म्हणवून घ्यायची लाज वाटते का’ असे बोलली, आणि मावशीने ‘नुसते इंडियन लिही, बाकीचे कशाला उगाळायचे’ असे सुचवले, हे तुझ्या पत्रातून कळले. तुला दोन्ही बोलणी सारखीच लागलेली दिसतात. मला ती सारखी वाटत नाहीत.

मैत्रिणीच्या संशयाला इतिहास आहे. कोणाला कृष्णवर्णीय म्हणायचे हे तुझ्या बाबांच्या देशात, अमेरिकेत, पिढ्यान्‌पिढ्या गोऱ्यांनी ठरवले. आजी ज्या व्हर्जिनियात वाढली, तिथे 1924 च्या कायद्याने आफ्रिकी रक्ताचा लवलेश असलेल्या माणसाला गोरा मानण्यास मनाई केली होती, आणि गोऱ्यांशी त्याचे लग्न हा तर गुन्हाच होता. ती बंदी सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली उठवली. त्या काळात रंगाने उजळ असलेले काही जण गोऱ्यांत मिसळून गेले आणि सख्ख्या आईबापांनाही ओळख देईनासे झाले. त्यामुळे ‘मी तीही आहे आणि आणखीही कोणी आहे’ असे कोणी म्हटले, की ही आता आपल्याला सोडून निघाली, असेच त्या समाजातील पुष्कळांना वाटते. तू कोठेही निघालेली नाहीस हे तिला सहवासाने कळेल, वाद घालून नव्हे.

मावशीचे तसे नाही. तिच्या सल्ल्यात माया असेल, पण त्याखाली आपल्या घरांतला जुना हिशेब आहे: मुलीचा रंग, पुढे येणारी स्थळे, नातेवाईक काय म्हणतील. शिवाय जे ‘इंडियन’ ती तुला देऊ करते, ते तिच्या हातात तरी कोठे आहे? तिच्याच गावच्या गणेशोत्सवात तू आरती तोंडपाठ म्हटलीस, तेव्हा तुला मराठी कोणी शिकवले, असे चौघांनी विचारले होतेच की.

ओबामांची आई गोरी होती, तरी 2010 च्या जनगणनेत त्यांनी फक्त ‘कृष्णवर्णीय’ अशी खूण केली. त्यांचा निर्णय त्यांचा, तुझा तुझा. आणि उद्या दुसऱ्या अर्जात तुला एकच खूण करावीशी वाटली, तर त्याचा खुलासा मलाही देण्याचे कारण नाही.

इथे मुरूडच्या बाजारात नवखी माणसे तुला सिद्दींची मुलगी समजत आणि तू चिडत असस. जंजिऱ्यावर 1948 पर्यंत आफ्रिकी वंशाच्या सिद्दींचेच राज्य होते, तेव्हा तुला पाहून लोकांना दुसरे काय सुचणार? त्यांचा अंदाज चुकला, पण त्यात तुच्छता नव्हती. पुरावा मागणे ही गोष्ट वेगळी. आपल्या अलिबागकडच्या अष्टागरातले बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून लोक शनवार तेली म्हणत, ते इस्रायलला गेले, तेव्हा तिथल्या प्रमुख धर्मगुरूंनी विवाहासाठी त्यांच्या वंशाची चौकशी लावली. इथे ज्यांच्या ज्यूपणाबद्दल कोणाला शंका नव्हती, त्यांना तिथे त्यासाठी रस्त्यावर उतरावे लागले, आणि 1964 साली तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. त्यासाठी त्यांनी मराठी मात्र टाकली नाही. तिथूनही त्यांनी मराठी नियतकालिक चालवले.

तुझ्यासारख्यांची संख्या अमेरिकेच्या जनगणनेत 2010 साली सुमारे 90 लाख होती, ती 2020 साली 3 कोटी 38 लाख झाली. यातली बरीच वाढ नोंदणीची पद्धत बदलल्यामुळे दिसते, म्हणून या आकड्याचा मी फार गाजावाजा करणार नाही. पण एकाहून अधिक खुणा करण्याची मुभाच मुळी 2000 साली मिळाली, आणि 1960 पूर्वी तर जनगणनेचा माणूस दारात उभा राहून, चेहरा पाहून, स्वतःच वंश लिहून घेत असे. आजीची लहानपणची नोंद तशीच झालेली असणार. नोव्हेंबरच्या सुट्टीत तिच्याकडे जाशील, तेव्हा मैत्रिणीलाही बरोबर ने आणि त्या दिवसांबद्दल दोघी मिळून तिला विचारा.

मावशीला तू काही लिहू नकोस. ती माझी बहीण आहे, तिच्याशी मी बोलेन.

तुझी आई