बाई, ते वहीचं पान अजून जपून ठेवलंय

प्रिय बाई,

फोनवर थँक्यू म्हणून झालं होतं पण मनाचं समाधान झालं नाही म्हणून हे लिहायला बसलोय, आणि सगळ्यांसमोर लिहितोय कारण आमच्या सोसायटीत अजूनही कितीतरी जण युद्धं-दंगली कशा थांबतात ते शिकवणाऱ्या तुमच्या शनिवारच्या वर्गाला मुलांचा संस्कार वर्ग समजतात.

लेक तेव्हा नववीत होती. टीव्हीवर गाझाच्या बातम्या चालल्या होत्या, जेवताना तिने विचारलं की बाबा, जगात कुठेच युद्ध नाही असं कधी होईल का, आणि मी घास तोंडात असतानाच बोलून गेलो की नाही गं, माणूस आहे तोवर मारामाऱ्या राहणारच. ती ताटावरून उठून गेली. मी असं का बोललो ते मला माहितीय. जानेवारी 1993 ला मुंबईत दंगल चालू होती तेव्हा मी बारा वर्षांचा होतो, आम्ही कल्याणला राहायचो आणि बाबा मशीद बंदरला कामाला. एका रात्री ते आलेच नाहीत, घरात फोन नव्हता, आई रात्रभर गॅलरीत उभी. दुसऱ्या दिवशी दुपारी आले तेव्हा त्यांच्या एकाच पायात चप्पल होती. काय बघितलं ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. दंगलीची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने डिसेंबर-जानेवारी या दोन महिन्यांतले 900 मृत्यू नोंदवलेत, पण माझ्यासाठी ती दंगल म्हणजे ती एक चप्पल, आणि माणसाबद्दलचं माझं मत त्या दिवशी जे ठरलं ते ठरलंच.

लेकीला सोडायला म्हणून वर्गाला आलो आणि तुम्ही मलाही बसवून घेतलंत. मी हे सगळं सांगितल्यावर तुम्ही वाद घातला नाहीत, एवढंच विचारलंत, "मग तेव्हा भिवंडी का नाही पेटली?"

बाई, मी नऊ वर्षं मानकोलीला गोडाऊनमध्ये कामाला आहे, रोज भिवंडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकतो आणि मला हे माहीत नव्हतं. 1970 ला आणि 1984 ला ज्या गावात एवढ्या भयंकर दंगली झाल्या, जिथे यंत्रमागावर यूपीचा मुसलमान कामगार आणि तेलंगणातला पद्मशाली शेजारी शेजारी राबतात, ते गाव डिसेंबर 92 आणि जानेवारी 93 ला शांत राहिलं, तेही मुंबई एवढ्या जवळ जळत असताना. तुम्ही सुरेश खोपडे यांच्याबद्दल सांगितलंत, 1988 ला ते तिथे पोलीस उपायुक्त होते आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या काढल्या, सुमारे 70. मला वाटलं भाईचाऱ्यावर भाषणं होत असतील. तुम्ही म्हणालात छे, नळावरचं भांडण, तुंबलेलं गटार, पोरांची मारामारी, असले विषय. दोन्हीकडची माणसं आणि त्या भागातला पोलीस एकत्र बसून हेच सोडवत राहिले, म्हणून अफवा आली त्या रात्री खरं काय ते विचारायला ओळखीचा माणूस होता. आणि 2006 ला तिथेच पुन्हा गोळीबार झाला, दोन पोलीस मारले गेले, हेही तुम्ही लपवलं नाहीत. शांतता एकदा आणून ठेवली की संपलं असं नसतं, विहिरीतला गाळ दरवर्षी काढावा लागतो, हे तुमचं वाक्य लेकीने वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय.

मग पश्चिम आफ्रिकेतला लायबेरिया, तिथलं यादवी युद्ध. लेमा बोवी हे नाव मी आयुष्यात ऐकलं नव्हतं, शांततेचं नोबेल 2011 ला मिळालं तरी. युद्धातून आलेल्या पोरांसोबत काम करणारी समाजसेविका, स्वतः लेकुरवाळी. 2003 ला तिथल्या राजधानीत, मन्रोव्हियात, मासळी बाजाराजवळच्या मैदानात ख्रिश्चन आणि मुसलमान बायका पांढरे कपडे घालून युद्ध थांबवा म्हणून रोज बसायच्या, ऊन असो पाऊस असो, कारण राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलरच्या गाड्यांचा ताफा तिथून जायचा आणि त्याला त्या दिसल्याच पाहिजेत. पुढे घानात वाटाघाटी रेंगाळल्या तेव्हा हॉलच्या दारात हातात हात अडकवून बसल्या, करार होईपर्यंत कुणी बाहेर पडायचं नाही म्हणून. महिनाभरात, 18 ऑगस्टला करार झाला. हे सांगताना तुम्ही वर्गातल्या सहा पोरींना खरंच दारात हात अडकवून बसवलंत आणि मला म्हणालात आता बाहेर जाऊन दाखवा. मला नाही जाता आलं.

पण खरे आभार त्या वहीच्या पानाचे. तुम्ही सगळ्यांना आपल्या बिल्डिंगचा आणि मागच्या चाळीचा नकाशा काढायला लावलात आणि चाळीतल्या ज्यांचा नंबर आपल्याकडे आहे त्या घरांवर टिंब द्यायला सांगितलंत. सतरा वर्षं राहतोय इथे, आणि माझ्या पानावर एकही टिंब नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढच्या रविवारी लेकीला घेऊन गेलो, मोबाईल रिपेअरवाल्या चाचांकडे नुसताच चहा प्यायलो.

गेल्या नोव्हेंबरात गाडीला धक्का लागण्यावरून आपली पोरं आणि चाळीतली पोरं रात्री साडेदहाला गेटवर समोरासमोर आली, तीस-चाळीस तरी असतील, एकाच्या हातात स्टंप होता. मी चाचांना फोन लावला. ते लुंगीवरच आले, मी खाली उतरलो, दोघं मध्ये उभे राहिलो आणि आधी चाचांनी त्यांच्या भाच्याला नावाने हाक मारली, मग मी आमच्या सेक्रेटरीच्या मुलाला. पाऊण तास लागला. कुणालाही लागलं नाही. वर आलो तेव्हा लेक गॅलरीत उभी होती, आणि मला आई आठवली.

आता पानावर अकरा टिंबं आहेत. तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, घाई करू नका, खुर्च्या मांडणं आणि हॉलची किल्ली माझ्याकडे लागली. फक्त वर्ग सुरू झाला की पहिला नंबर लेकीचा धरा, तिने आठवडाभर प्रश्न काढून ठेवलाय, की उत्तर आयर्लंडमध्ये 1998 ला शांतता करार झाला तर बेलफास्टमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमधल्या भिंती अजून का उभ्या आहेत. मला उत्तर देता आलं नाही पण या वेळी मी "माणूस असाच" म्हणालो नाही, बाईंना विचारू म्हणालो.

तुमचा,
मागच्या बाकावरचा विद्यार्थी