तुझी गोगलगाय गोगलगाय नव्हे

पुणे,
12 फेब्रुवारी

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

तुझा धोंडा पोचला. कुरियरवाल्याने तो दारात ठेवताना विचारलं, "काका, वरवंटा मागवला का?" सोबतची चिठ्ठी वाचली. "एक गोगलगाय, एक बंदुकीची गोळी (71 च्या युद्धातली?), बाकी शिंपले." तिन्ही चूक आहेत, पण मीही आधी तुझ्यासारखाच फसलो होतो. तेव्हा लाजू नकोस.

गोगलगाय बाजूला ठेव, आधी नुसता दगड बघ. मी तो पाण्याने धुतला, जुन्या टूथब्रशने घासला आणि ओला असतानाच भिंग धरलं. खसखशीएवढे गोल, गंजक्या रंगाचे दाणे खच्चून भरलेले, अगदी राजगिऱ्याच्या चिक्कीसारखे! एखाद्या बारीक कणाभोवती थरावर थर चढत जाऊन असा दाणा होतो. कच्छमधल्या हबो डोंगराच्या पायथ्याशी, ध्रंग गावाच्या वाटेवर उचलला असं तू लिहिलंस म्हणून बरं झालं. तिथे हा थर उघडा पडलेला आहे आणि त्याला धोसा ऊलाइट म्हणतात (ऊलाइट म्हणजे असाच दाणेदार दगड). वय सुमारे 16 कोटी वर्षं. म्हणजे आपला सह्याद्रीचा काळा पत्थर ज्या लाव्ह्यातून आला, तो वाहायला अजून नऊ कोटींहून जास्त वर्षं होती आणि कच्छवर समुद्र होता. गावाचं नाव न लिहिता नुसता दगड पाठवला असतास, तर मी अजून चाचपडत बसलो असतो.

आता गोगलगाय. गोगलगाईचं वेटोळं एका बाजूला टोक काढत वर चढतं. हे मात्र गुंडाळलेल्या पट्ट्यासारखं सपाट आहे. हा अमोनाइट, माकुळांचा लांबचा नातलग. याच्या शंखात आडवे पडदे असतात आणि प्राणी फक्त शेवटच्या खोलीत राहायचा. शंखाची वरची साल झिजलीये तिथे पडद्यांच्या कडा वेलबुट्टीसारख्या दिसतात, पानापानांची, दातेरी. गोगलगाईच्या घरात असल्या खोल्या नसतात, त्यामुळे ती नक्षी दिसली की वाद संपला. याच थरात मायाइटीस नावाचा अमोनाइट सापडतो. सॉवर्बी या इंग्रज अभ्यासकाने 1840 साली कच्छच्या नमुन्याला 'माया' नाव दिलं होतं. मला फार वाटत होतं आपला तोच असावा, पण तो गुबगुबीत असतो. आपला चपटा, आणि त्याच्या शंखावरच्या वरंब्या, म्हणजे उंचवट्याच्या रेघा, बाहेरच्या कडेला जाताना दुभंगतात. पेरिस्फिंक्टीस नावाच्या अमोनाइटाच्या कुळातला दिसतोय. याहून पुढे मी छातीठोकपणे बोलणार नाही. व्हागेन यांनी 1870 च्या दशकात कच्छच्या अमोनाइटांवर जाडजूड ग्रंथ लिहिला, तरी पुढे स्पॅथ या दुसऱ्या अभ्यासकाला सगळं पुन्हा तपासावं लागलं. माझी काय कथा! इथल्या आघारकर संशोधन संस्थेत कच्छच्या अमोनाइटांवर बरंच काम झालंय, तिथे कुणाला तरी दाखवीन.

तुझी 'गोळी' म्हणजे बेलेम्नाइट, माकुळासारख्याच प्राण्याच्या अंगातला कडक भाग. तुटलेलं टोक बघ, मध्यापासून कडेपर्यंत रेघा गेल्यात, आडव्या चिरलेल्या लिंबासारख्या. शिशाच्या गोळीत असं कधी पाहिलंस?

शिंपल्यांनी मात्र मला खरं छळलं. खायच्या शिंपल्या, तिसऱ्या, आठव. दोन्ही शिंपा एकमेकींचं प्रतिबिंब, पण एकेक सुटी धरली तर तिच्या दोन बाजू सारख्या नसतात. तुझ्या दगडातल्याचं उलटं आहे. वरची शिंप मोठी, खालची लहान, आणि मधोमध रेघ मारली तर दोन्ही अर्धे सारखे. म्हणजे हा ब्रॅकिओपॉड, दोन शिंपांचा वेगळाच समुद्री प्राणी; तिसऱ्यांशी त्याचं काही नातं नाही. एवढी साधी खूण, पण ध्यानात यायला मला आख्खा रविवार गेला.

आणि आता कबुली. चुनखडी आहे का बघावं म्हणून कोपऱ्यावर व्हिनेगरचा थेंब टाकला. हलकेच फसफसलं. तेवढ्यावर थांबायचं! पण मला वाटलं बुडवून ठेवला तर जीवाश्म मोकळे होतील. रात्रभर ठेवला. चुनखडीतले शंखशिंपलेही चुन्याचेच, त्यामुळे सकाळी एका ब्रॅकिओपॉडच्या वरंब्या गुळगुळीत झाल्या होत्या. तुझ्या फोटोत आहे तसा तो आता नाही. शिव्या घाल, पण पत्राने घाल.

वरंब्या ताडून पाहायला देवघरातला शाळिग्राम काढला. तोही अमोनाइटच, काली गंडकीच्या पात्रातला, त्याच्यात दिसणारी चक्रं म्हणजे या शंखाच्या वेटोळ्यांचा ठसा. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवले आणि चहा आणायला आत गेलो. परत येईतो आईने दोघांनाही देवघरात नेऊन वर तुळशीचं पान ठेवलं होतं. "हा कच्छचा आहे, मंदारचा," म्हटलं, तर म्हणाली, "मग त्याला येऊन न्यायला सांग. कुरियरने नाही द्यायचा."

तेव्हा ये. येताना तो नेमका कुठे उचललास, डोंगराच्या कुठल्या अंगाला, रस्त्यापासून किती पावलांवर, ते आठवून लिहून आण.

तुझा,
विनू