गिटारवाला निघून गेल्यावर

सांगली,
रविवार, रात्री

प्रिय बंड्या,

'मंडळींनी हाकलून दिलं की राहू दिलं?' एवढाच तुझा मेसेज. त्याचं उत्तर मोबाईलवर अंगठ्यानं टाइप करण्यासारखं नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय. लिहून झालं की फोटो काढून पाठवीन. अक्षराला नावं ठेवू नकोस.

आमच्या बैठकीचे नियम तुला माहीत आहेत. ज्याची पाळी असेल तो लावेल ते बाकीच्यांनी मुकाट ऐकायचं, मोबाईल बाहेरच्या खोलीत, आणि चहा सगळं संपल्यावर. गेल्या खेपेला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या झाल्या, त्याआधी नाट्यपदं. अशा लोकांपुढे मी काय नेलं, तर कीन या बँडचा 'होप्स अँड फिअर्स'. मे २००४ मधला, इंग्लंडातल्या तीन पोरांचा पॉप अल्बम. घरून निघताना बायको म्हणाली, "पुढच्या महिन्यापासून तुमचे रविवार मोकळे."

प्रस्तावना काही केली नाही. एवढंच म्हटलं की यात गिटार नाही. तिची उणीव जिथे जाणवेल तिथे हात वर करा. आणि लावलं.

पहिलं 'समव्हेअर ओन्ली वी नो' शांततेत गेलं. मिरजेचे पेटीवाले काका डोळे मिटून बसले होते आणि मांडीवर बोटं चालली होती. पुढे 'बेंड अँड ब्रेक' लागलं, ते घोडा उधळल्यासारखं पळतं ते, तेव्हा काकांनी डोळे उघडले आणि आजवर कुणी मोडला नव्हता तो नियम मोडला. म्हणाले, "अरे, हा वाजवणारा पेटीवाला नव्हे रे. हा तबलजी आहे!"

बंड्या, तुला सांगतो, या अल्बमवर मी बरंच काही वाचलंय, पण इतकं नेमकं कुणी बोललेलं नाही. लोक याची वर्गवारी 'पाऊस, खिडकी आणि प्रेमभंग' या खणात करतात. पियानो म्हटलं की हळुवार असं आपण धरूनच चालतो. तिकडच्या संगीताच्या पत्रकारांनीही त्या वेळी 'गुळगुळीत, बड्या शाळेतली पोरं' म्हणून यांची भरपूर टिंगल केली. पण कान देऊन ऐक, यांचा पियानोवाला टिम राइस-ऑक्सली तो पियानो अक्षरशः ठोकतो. पहिल्याच गाण्यात उजवा हात एकेका मात्रेला दोनदा तोच स्वरमेळ हाणत राहतो, एका जागेवर, न थकता. खाली डावा हात सा वरून नुसता एक पायरी उतरून नीवर येतो, आणि तेवढ्या एका पायरीनं गाण्याचा सगळा रंग पालटतो.

चहा झाल्यावर काकांनी ते पेटीवर धरून बघितलं. मूळ गाणं पांढरी सहामध्ये आहे, त्यामुळे पट्टी लगेच सापडली. स्वर अचूक, नी बरोबर, आणि तरी गाणं काही केल्या उभं राहीना. आरती चालल्यासारखं वाटायला लागलं. सगळे हसले, पण काका हसले नाहीत. थोडा वेळ भाता हलवत बसले आणि मग म्हणाले, "माझा सूर भाता आहे तोवर जिवंत. त्याचा वाजल्यापासून विझायला लागतो. म्हणून त्याला परत परत मारावं लागतं." इथेच या अल्बमची मेख आहे बघ. पियानोचा स्वर टिकत नाही, गिटारचा अँपमधून घोळवून हवा तेवढा लांबवता येतो. मग गिटारशिवाय स्टेडियमभर आवाज उभा करायचा तर पियानोवाल्याला उसंत कुठली!

वाद्यही साधं नाही. हा यामाहाचा सीपी-७०, सत्तरच्या दशकातला. बँडवाल्यांना गावोगाव पियानो नेता यावा म्हणून काढलेला. आत खऱ्या तारा, त्यांवर खऱ्या हातोड्या, पण आवाज घुमवणारी लाकडी फळी नाही. तिच्याऐवजी तारांचं कंपन पिकअपमधून उचलून थेट विजेवर चढवायचं. कळा ७३, म्हणजे नेहमीच्या ८८ पेक्षा पंधरा कमी, आणि प्रवासाला निघताना त्याचे दोन भाग करून दोन पेट्यांत भरायचे. खर्जाच्या तारा आखूड असल्यामुळे खालचा स्वर गोल न येता थोडा पत्र्यासारखा, गुरगुरल्यासारखा येतो. आणि आवाज विजेच्या वायरीतून जातोय म्हटल्यावर गिटारवाले पायाखाली ठेवतात तसले इफेक्ट त्याला लावता येतात. टिमनं नेमकं हेच केलं. २००६ च्या पुढच्या अल्बममधलं 'इज इट एनी वंडर' ऐकून तर माणसं पैजेवर सांगतात की ही गिटारच आहे.

काकांची पहिली शंका काय असावी? "तारा आहेत म्हणजे सुरात लावावी लागत असणार. कोण लावतं?" आयुष्यभर पेटीचे सूर कानशीनं घासत बसलेला माणूस दुसरं काय विचारणार! मी म्हटलं, लावावी लागते, आणि दौऱ्यात सारखीच लावावी लागते. त्यांना फार समाधान वाटलं. यंत्रातही कुणाच्या तरी कानाची गरज उरलीय याचं असावं.

आता गिटार का नाही, ते. तुला ही भानगड माहीत नसणार, कारण तू गाणी ऐकतोस आणि माणसं सोडून देतोस. टिम, गायक टॉम चॅप्लिन आणि ड्रमवाला रिचर्ड ह्यूज हे एकाच भागातले, शाळेपासूनचे दोस्त. चौथा डॉमिनिक स्कॉट, तो गिटार वाजवायचा. वर्षानुवर्षं लंडनमधल्या पबांतून वाजवत राहिले, कुणी विचारीना. दरम्यान कॉलेजातल्या ओळखीवर ख्रिस मार्टिननं टिमला आपल्या कोल्डप्ले या बँडमध्ये यायचं बोलावणंही दिलं होतं, पण हा दोस्तांना सोडून गेला नाही. आणि मग २००१ मध्ये स्कॉटच निघून गेला. दुसरा कुणीही असता तर त्यानं दुसरा गिटारवाला शोधला असता. यांनी जागा रिकामी ठेवली आणि गिटारनं करायचं सगळं काम पियानोच्या गळ्यात घातलं. स्टेजवर बेस नव्हता, तो लॅपटॉपमधून सोडायचे. अंगावर ठिगळ दिसावं असा तो काळ, पण त्या ठिगळातूनच त्यांचा आवाज घडला.

यातल्या बहुतेक गाण्यांत कुणीतरी निघून गेलंय आणि मागे राहिलेला बोलतोय. आपण ते प्रेयसीला उद्देशून आहे असं धरतो. पण 'एव्हरीबडीज चेंजिंग' ज्या दिवसांत लिहिलं गेलं, त्या दिवसांत बरोबरीची पोरं नोकऱ्यांना लागत होती, मार्गी लागत होती, आणि हे तिघं गावात अडकलेले होते. हे लक्षात ठेवून परत ऐक. गाणं वेगळंच ऐकू येतं.

मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवतं ते वेगळंच. शब्द आणि चाली मुख्यतः टिमच्या. पण गातो टॉम. म्हणजे एका मित्राच्या पोटातलं दुसऱ्या मित्राच्या गळ्यातून बाहेर येतं, आणि पहिला मान खाली घालून, अख्खं अंग घुसळत पियानो बडवत असतो. व्हिडिओ काढून बघ, एकदाही सरळ समोर बघत नाही हा माणूस. पुढे टिमचा संसार मोडला, त्यावर त्यानं गाणी लिहिली, आणि २०१९ च्या 'कॉज अँड इफेक्ट'मध्ये तीही टॉमनंच गायली. मित्राच्या काडीमोडाची गाणी त्याच्यासमोर उभं राहून गायची. कसं वाटत असेल रे?

तू लंडनला गेलास त्या वर्षी मी तुला 'एव्हरीबडीज चेंजिंग' मेलवर पाठवलं होतं. वर फक्त 'ऐक' एवढंच लिहिलं होतं. तुझं उत्तर आलं, 'ड्रम चांगला आहे.' ते मेल माझ्याकडे अजून आहे, लाज वाटून घे.

असो. सगळाच अल्बम सोन्याचा आहे असं मी म्हणणार नाही. मधला काही भाग सारखाच वाटतो. 'कान्ट स्टॉप नाऊ' मी बऱ्याचदा पुढे ढकलतो. 'शी हॅज नो टाइम'मध्ये टॉम बारीक आवाजात वर वर जात राहतो, ते आमच्यातल्या दोघांना रडगाणं वाटलं आणि मला त्यांचं पूर्ण चूक म्हणवत नाही. पण 'वी माइट अॅज वेल बी स्ट्रेंजर्स' चालू असताना खोलीत कुणी कूस बदलली नाही. आणि शेवटचं 'बेडशेप्ड', त्यात वाद्यं एकावर एक चढत जातात आणि टॉमचा आवाज त्या सगळ्याच्या वर जाऊन उभा राहतो, तिथे एका नाट्यसंगीतवाल्या काकूंनी आपसूक 'वा' म्हटलं. इंग्रजी गाण्याला मिळालेली आमच्या बैठकीतली ही पहिली 'वा'. माझ्यासाठी ब्रिट अवॉर्डपेक्षा मोठी. (ब्रिट अवॉर्डही मिळालं होतं म्हणा, २००५ मध्ये, वर्षातला सर्वोत्तम ब्रिटिश अल्बम म्हणून.)

हात मात्र कुणीच वर केला नाही. गिटार आठवलीच नाही कुणाला.

एका कॉलेजच्या पोरीनं, काकूंच्या भाचीनं, भोळेपणानं विचारलं, "हे तर लिली अॅलनचं गाणं ना?" २०१३ च्या नाताळात तिथल्या जॉन लुईस दुकानांच्या जाहिरातीसाठी लिली अॅलननं 'समव्हेअर ओन्ली वी नो' गायलं होतं. गंमत अशी की कीनचं मूळ गाणं तिकडच्या खपाच्या यादीत तिसऱ्या नंबरवर अडलं होतं आणि हिचं पहिल्यावर गेलं. तिची आवृत्ती गोड आहे, नाही असं नाही. पण तिच्यात ते ठोकणं नाही. पियानो अलगद ठेवलाय, आणि अलगद ठेवला की हे गाणं अंगाईकडे झुकतं. पोरीला मी दोन्ही लागोपाठ ऐकवली. ती म्हणाली, "जुनं जास्त रागावलेलं आहे." शाबास म्हटलं.

आता तुझं काम. तू चेरिंग क्रॉसवरून गाडीत बस. हेस्टिंग्जच्या लाईनवर बॅटल नावाचं स्टेशन लागतं, साधारण दीड तास. हे त्यांचं गाव, ईस्ट ससेक्समधलं. १०६६ ची ती इतिहासाच्या पुस्तकातली हेस्टिंग्जची लढाई इथलीच, त्या जागी मठ आहे, तोही बघून घे, वहिनींना इतिहास आवडतो. पण मला हवीय ती तिथली मॅन्सर्स शॉ नावाची झाडी. 'स्नोड अंडर' नावाचं त्यांचं एक बाजूला पडलेलं गाणं आहे, 'समव्हेअर'च्या सिंगलच्या मागे टाकलेलं, त्यात या झाडीचं नाव येतं. फार काही नसेल तिथे, चार झाडं आणि एक पायवाट असेल. तरी जा. जाताना गाडीत पूर्ण पाऊण तास अल्बम लाव, मधलं गाळू नकोस, आणि कृपा करून हेडफोनवर ऐक. फोनच्या स्पीकरवर त्या खर्जाची गुरगुर मरते, आणि ती मेली की खाली उरतं ते सगळे म्हणतात तेच गुळगुळीत पॉप.

सीडी मिळाली तर एक घेऊन ठेव. तिकडे जुन्या वस्तूंच्या दुकानांत ही चिल्लर पैशांत मिळते असं ऐकतो. काकांना द्यायचीय. त्यांची आणखी एक फर्माईश आहे: एखाद्या वाद्यांच्या दुकानात उघडा सीपी-७० दिसला तर आतला फोटो काढ, तारा आणि हातोड्या स्पष्ट दिसतील असा. दुकानदारानं हटकलं तर सांग, मिरजेहून मागणी आहे.

पुढच्या महिन्याची पाळी काकांची. काय लावणार विचारलं तर सांगत नाहीत, नुसते मिशीत हसतात. बायकोचं भाकीत तरी खोटं ठरलं.

वहिनींना नमस्कार, धाकटीला गोड पापा. आईंचे गुडघे आता बरे आहेत, परवा जाऊन भेटून आलो. तू मात्र फोन रात्री नऊच्या आत करत जा, त्या वाट बघत जागत बसतात.

तुझाच,
अन्या