दाखल्यावरची नावं आणि नोंदवहीतला कोरा समास

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जन्मदाखल्यावर आई-वडील म्हणून नेमकी कोणाची नावं असावीत, यावर आपल्याकडे वाचकांची आणि वकील मंडळींची पत्रं येत आहेत. ही नावं ज्या टेबलावर लिहिली जातात, त्या टेबलाची बाजू कुणी मांडलेली दिसली नाही, म्हणून हे पत्र. मी जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात तीस वर्षं नोकरी केली. सुरुवातीची बरीच वर्षं नोंदी हाताने लिहायचो, संगणक खूप नंतर आला.

आधी एक प्रसंग सांगते. तो सांगितल्याशिवाय मला पुढचं लिहिता यायचं नाही.

निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. तिशीकडे झुकलेल्या एक बाई लॅमिनेट केलेला जन्मदाखला घेऊन आल्या. नावात दुरुस्ती असेल, असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, दाखला नको, मूळ नोंद बघायची आहे." त्यांच्या मुलीला रक्ताचा आजार निघाला होता. आईच्या माहेरी असा आजार कुणाला होता का, असं डॉक्टरांनी विचारलं. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, म्हणून त्यांनी मावशीला विचारलं. मावशी आधी रडली आणि मग म्हणाली, "बाळ, तू आमच्या पोटची नाहीस." एका प्रसूतिगृहातून परस्पर आणलेलं मूल. ना संस्था, ना न्यायालय, ना कागद.

त्यांना वाटत होतं, दाखल्यावर नसलं तरी सरकारी वहीत खरं काय ते कुठेतरी लिहिलेलं असेल. मी त्या वर्षीची बांधीव वही काढली. पान सापडलं. मातेचं नाव: ज्यांनी वाढवलं त्यांचंच. जन्मस्थळ: ते प्रसूतिगृह. माहिती देणारा: तेच प्रसूतिगृह. आणि अक्षर माझं. नोकरीचं माझं दुसरं वर्ष होतं ते. 'म' ची गाठ मी तेव्हा जरा मोठी काढायची, ती लगेच ओळखू आली.

बाईंनी पानाच्या कडेच्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "इथे काही लिहितात का?"

लिहितात. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम १५ मध्ये हेच सांगितलं आहे. नोंद चुकीची असल्याचं, किंवा ती लबाडीने वा अयोग्य रीतीने केल्याचं सिद्ध झालं, तर निबंधकाने समासात योग्य नोंद करून ती दुरुस्त किंवा रद्द करायची आणि त्याखाली सही व तारीख टाकायची. मूळ नोंदीला मात्र हात लावायचा नाही. खाडाखोड नाही, व्हाइटनर नाही. नव्या कारकुनाला आम्ही पहिल्या दिवशी हेच शिकवायचो. हा नियम ज्यांनी केला, त्यांना वहीचं मोल कळत होतं. चूक झाली तरी ती दिसली पाहिजे, आणि दुरुस्ती कुणी, कधी केली तेही दिसलं पाहिजे.

त्या बाईंच्या पानाचा समास कोरा होता.

मी त्यांना अर्जाचा नमुना दिला. पुरावा म्हणून मावशीचं प्रतिज्ञापत्र जोडता येईल, असं सांगितलं. मग जे सांगणं माझं कर्तव्य होतं तेही सांगितलं. ही नोंद चुकीची ठरली, तर वाढवणाऱ्या आईचं नाव मातेच्या रकान्यातून जाईल. दत्तकविधानाचा कागद नाही, तेव्हा कायद्याने तुम्ही त्यांच्या कोण, हा प्रश्न उभा राहील. वारसाहक्क, घर, पुढची सगळी कागदपत्रं, सगळ्यावर तो प्रश्न येऊन बसेल. आणि जन्म देणारीचं नाव तर आपल्याला माहीतच नाही, तेव्हा तो रकाना रिकामाच राहील.

त्यांनी तो अर्ज दोनदा वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला. "आईचं नाव मी नाही काढणार," एवढंच म्हणाल्या.

संपादक महोदय, एवढी सगळी चर्चा माझ्या मते या एका रकान्यात अडकलेली आहे. 'माता' या एका शब्दाखाली आपण दोन प्रश्न विचारतो. जन्म कुणी दिला? आणि कायद्याने या मुलाची जबाबदारी कुणाची? बहुतेक मुलांच्या बाबतीत दोन्हींचं उत्तर एकच असतं, म्हणून ही गफलत दिसत नाही. दत्तक, सरोगसी, दात्याचं बीज (म्हणजे दुसऱ्या कुणाचे शुक्राणू किंवा बीजांड), अविवाहित माता अशी उत्तरं वेगळी झाली की रकाना एक आणि सत्यं दोन, अशी अवस्था होते. मग कायदा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहितो आणि पहिल्याचं पुसून टाकतो.

रीतसर दत्तकातही हेच होतं. दत्तकाचा आदेश झाला की जन्मदाखला दत्तक आई-वडिलांच्या नावाने मिळतो. तो तसाच मिळायला हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शाळेच्या खिडकीपाशी मुलाने आपली कहाणी का सांगावी? सहाय्यक जननतंत्रज्ञानाचा २०२१ चा कायदा आणखी एक पाऊल पुढे गेला आहे. दात्याच्या बीजातून जन्मलेलं मूल हे त्या जोडप्याचं 'जैविक' अपत्य मानलं जाईल, असं त्यात म्हटलं आहे. कायदेशीर अपत्य माना, शंभर वेळा माना. पण जैविक हा शब्द शरीराचा आहे. तो कायद्याने मानून बदलत नाही. त्या बाईंना डॉक्टरांनी कायद्यातली आई विचारलीच नव्हती.

जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर या कागदाचं वजन आणखी वाढलं आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी या सगळ्यांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा आहे. एवढा भार ज्या कागदावर टाकला, त्याच्यामागची वही खरी असायला नको का?

इथे काही वाचक म्हणतील की खरं लिहायचं म्हणजे अविवाहित आईला पुन्हा पिंजऱ्यात उभं करायचं. ही भीती खोटी नाही. वडिलांचं नाव सांगता येत नाही म्हणून खिडकीवरून परत गेलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांना परत पाठवणाऱ्यांत एकदा मीही होते. तेव्हा वरिष्ठांचा तोंडी हुकूम तसा होता, पण 'नाही' हा शब्द माझ्याच तोंडून गेला. ६ जुलै २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ही वाट मोकळी केली. एकल पालकाने किंवा अविवाहित मातेने अर्ज केला, तर तिच्याकडून फक्त प्रतिज्ञापत्र घ्यायचं आणि जन्मदाखला द्यायचा, न्यायालयाचा उलट आदेश असेल तरच थांबायचं, असं त्यात स्पष्ट सांगितलं आहे.

या निकालातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही, आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटते. वडिलांचं नाव जाहीर करायची सक्ती न्यायालयाने आईवर केली नाही. पण मुलालाही ते विसरले नाहीत. न्यायमूर्तींनी त्या आईशी स्वतः बोलून, वडील कोण हे मुलाला कळण्याची गरज तिला समजावली. तिने नाव आणि थोडा तपशील सांगितला. तो पाकिटात घालून सीलबंद करण्यात आला, आणि न्यायालयाने खास आदेश दिला तरच ते पाकीट उघडायचं, असं ठरलं. आईची अब्रू राखली गेली आणि मुलाचं सत्यही राखलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाला एका मुलासाठी जे जमलं, ते प्रत्येक मुलासाठी करणारी रीत नोंदणी कार्यालयात का असू नये?

जगाने हे काही कालपरवा सुरू केलेलं नाही. स्कॉटलंडमध्ये १९३० पासून दत्तक गेलेल्या माणसाला मोठं झाल्यावर आपली मूळ जन्मनोंद बघता येते. इंग्लंडमध्ये हा हक्क १९७५ च्या कायद्याने आला. तिथे पेच असा होता की आधीच्या काळात मूल देणाऱ्या आयांना 'हे कधीच कळणार नाही' असंच वाटत आलं होतं. म्हणून १२ नोव्हेंबर १९७५ पूर्वी दत्तक गेलेल्यांनी नोंद बघण्याआधी समुपदेशकाला भेटलंच पाहिजे, अशी अट घातली. ही अट मला शहाणपणाची वाटते. दार बंद नाही, पण उघडण्याआधी कुणीतरी शेजारी बसतं. दात्यांच्या बाबतीत स्वीडनने १९८५ मध्ये मुलाचा हक्क मान्य केला. ब्रिटनने १ एप्रिल २००५ पासून नव्या दात्यांचं निनावीपण काढलं. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात तर दात्याच्या बीजातून जन्मलेल्या प्रौढ व्यक्तीने दाखला मागितला की सोबत आणखी एक पान मिळतं, तुमच्याविषयी नोंदणी कार्यालयात अधिक माहिती आहे, असं सांगणारं. दाखला जगाला दाखवायचा, ते पान आपल्यापाशी ठेवायचं.

फ्रान्समध्ये मात्र बाईला नाव न सांगता बाळंत होता येतं. अशा रीतीने जन्मलेल्या एका मुलीची, आपली आई कोण हे कळू दिलं जात नाही ही तक्रार युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००३ मध्ये फेटाळली, सात न्यायाधीश विरोधात असताना. फ्रेंचांचा युक्तिवाद असा की नाव सांगावं लागेल या धास्तीने बाई दवाखान्यातच येणार नाही, आणि मग आई-मूल दोघांचाही जीव धोक्यात येईल. यावर मी पुष्कळ विचार केला. जिवाची भीती असलेल्या बाईवर सक्ती करू नये, हे मलाही पटतं. पण त्यावरचा उपाय म्हणून दुसऱ्याच बाईचं नाव लिहिणं मला पटत नाही. रकाना रिकामा ठेवा. रिकामा रकाना निदान खोटं बोलत नाही.

शब्दांवरूनही भांडण आहे. मूल जन्माला घालणाऱ्या, जन्माने स्त्री पण पुढे कायद्याने पुरुष झालेल्या व्यक्तीची नोंद 'माता' अशीच होईल, असं इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं. केरळ उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका पारलिंगी जोडप्याला 'माता' आणि 'पिता' ऐवजी नुसतं 'पालक' लिहिलेला दाखला द्यायला सांगितलं. माझ्यापुरतं मी केरळच्या बाजूने आहे. दाखल्यावर पालक लिहिल्याने कुणाचं काहीच जात नाही. जन्म कुणी दिला, हे वहीच्या आत राहिलं म्हणजे झालं.

भांडणाऱ्या नवरा-बायकोचा प्रकार मात्र वेगळा धरावा. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, दाखल्यावर फक्त आपलंच नाव असावं ही एका आईची मागणी फेटाळली, ते योग्यच झालं. जन्मनोंद ही आईची नाही आणि बापाचीही नाही. ज्याचा जन्म झाला, त्याची ती आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात १९८९ सालीच लिहिलं आहे की शक्य तिथवर आपले आई-वडील कोण हे कळण्याचा हक्क मुलाला आहे. भारताने १९९२ मध्ये तो करार स्वीकारला. दत्तकाच्या २०२२ च्या नियमांत अठरा वर्षांनंतर मुळांचा शोध घेण्याची तरतूदही आहे, जन्मदात्यांची गोपनीयता सांभाळून. पण ती संस्थेमार्फत झालेल्या दत्तकासाठी. परस्पर दिलेल्या मुलांचं काय, दात्याच्या बीजातून जन्मलेल्यांचं काय?

म्हणून कायदा करणाऱ्यांकडे माझं मागणं अवघड नाही. नोंदवहीत दोन वेगळे रकाने करा: जन्म देणारी व्यक्ती आणि कायदेशीर पालक. दात्याचं बीज असेल तर त्याच्या नोंदीचा क्रमांक तिथेच लिहा. बाहेर द्यायच्या दाखल्यावर फक्त कायदेशीर पालक छापा, सगळ्यांच्या दाखल्यावर सारखेच, म्हणजे कुणाकडे पाहून काही ओळखता येणार नाही. पूर्ण नोंद अठरा वर्षांनंतर फक्त त्या व्यक्तीला, समुपदेशकाच्या उपस्थितीत. तिसऱ्या कुणालाही नाही, नातेवाइकांना नाही, वकिलांनाही नाही. आणि जुन्या चुकीच्या नोंदी दुरुस्त करताना वाढवणाऱ्या आई-वडिलांचं नाव व त्यांच्याशी असलेलं कायदेशीर नातं अबाधित राहील, असं एक कलम घाला. हे शेवटचं नसेल, तर बाकीचं असून उपयोग नाही. आईला खोटं पाडून सत्य मागायला कुणीही येणार नाही.

त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. ते प्रसूतिगृह केव्हाच बंद झालं आहे, तिथले कागद कुठे गेले ते कुणाला माहीत नाही. वही मात्र आहे. जन्माच्या नोंदवह्या कायमच्या जपायच्या असतात. त्या बाई हे पत्र वाचत असतील, तर त्यांना एवढं सांगायचं आहे: दोन्ही नावं ठेवता येतील असा नियम ज्या दिवशी होईल, त्या दिवशी तो घडी घातलेला अर्ज घेऊन या. ती नोंद मी केली होती, प्रसूतिगृहाच्या कागदावरून, काहीही न विचारता. असं लिहून द्यायला आणि सही करायला मी येईन.

आपली,
एक निवृत्त नोंदणी कर्मचारी