संहितेपुरता रंगेतिहास

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील चिनी पारंपरिक संगीत नाटकावरील लेख वाचनीय होता. मात्र युआन राजवटीचा काळ (१२७१-१३६८) हा या रंगभूमीचा सुवर्णकाळ आणि पुढे सारी उतरती कळा, हे मत त्यात निर्विवाद असल्यासारखे मांडले आहे. मुळात ते चिनी विद्वान वांग ग्वोवेई यांचे मत. १९११च्या क्रांतीनंतर जपानमध्ये राहत असताना त्यांनी सोंग व युआन काळांतील नाटकांचा इतिहास लिहिला आणि विद्वानांनी तोवर हलका लेखलेला हा प्रकार अभ्यासाच्या पंक्तीत आणून बसवला. हे त्यांचे ऋण मोठेच. पण नाटकाकडे ते साहित्य म्हणून पाहत आणि युआननंतरच्या मिंग-छिंग राजवटींतील नाटके त्यांना मृत वाटत. त्यांच्याच तोंडून हे ऐकलेल्या आओकी मासारू या जपानी अभ्यासकाने नेमक्या त्याच कालखंडाचा इतिहास १९३० साली प्रसिद्ध केला, याचा लेखात उल्लेखही नाही.

खरी मेख संहितांतच आहे. युआन नाटके म्हणून जी वाचली जातात त्यांतील बरीचशी त्सांग माओश्युन यांनी १६१५-१६ मध्ये छापलेल्या शंभर नाटकांच्या संग्रहातली, म्हणजे मिंग काळातील एका रसिक संपादकाच्या हातून गेलेली आहेत. त्याआधीच्या ज्या तीस नाटकांच्या जुन्या छापील प्रती उरल्या आहेत, त्यांत मुख्य नटाची पदे सविस्तर, पण संवाद जेमतेम, काही ठिकाणी तर नाहीतच. विल्ट इडेमा आणि स्टीफन वेस्ट यांच्यासारख्या अभ्यासकांनी ही तफावत उलगडून दाखवल्यावर 'युआन नाटककाराची शैली' या शब्दप्रयोगाचा बराचसा दिमाख उतरतो. दुसरीकडे, संहितेपलीकडे जाऊन चिनी अभ्यासक छी रुशान यांनी जुन्या नटांना विचारून विचारून टिपणे केली, तर जपानी अभ्यासक तानाका इस्सेई यांनी गावोगावच्या उत्सवांतले प्रयोग पाहून इतिहास मांडला.

हे सारे नागपुरात बसून लिहिण्याचे कारण असे की, मराठी रंगभूमीचा इतिहासही आपण १८४३च्या सांगलीतील 'सीतास्वयंवर'पासून सुरू करतो आणि दंडार व खडी गंमत या विदर्भातील लोकनाट्यांची बोळवण 'लोककला' या प्रकरणात करतो. गडचिरोली जिल्ह्यातील वडशाच्या झाडीपट्टी (पूर्व विदर्भ) नाटक मंडळ्यांकडील हस्तलिखिते आणि बुजुर्ग नटांच्या आठवणी यांवर पुरवणीने एखादी लेखमाला चालवावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर