फ्रॉइडच्या अडीचशे वर्षं आधी

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला स्वप्नांवरचा लेख वाचला. मनात दडलेली इच्छा स्वप्नात वर येते, हे आधी मानसशास्त्रज्ञ फ्रॉइडनेच सांगितलं, असं त्यात म्हटलंय. त्याचं १९०० सालचं पुस्तक मोठंच, वाद नाही. पण कॅनडातले वेंडाट, म्हणजे फ्रेंचांनी ज्यांना ह्युरॉन म्हटलं ते तिथले मूळ रहिवासी, हेच मानत होते; पॉल रागनो या जेझुइट पाद्र्याने १६४८ मध्ये ते नोंदवलंय. आत्म्याच्या काही इच्छा खुद्द माणसालाही ठाऊक नसतात, त्या स्वप्नात कळतात आणि पुरवल्या नाहीत तर आत्मा रुसतो, माणूस आजारी पडतो.

हिवाळ्यातल्या एका उत्सवात तर लोक घरोघर जाऊन आपलं स्वप्न कोड्यात घालायचे. घरची मंडळी एकेक वस्तू पुढे करायची, नेमकी हवी ती हाती येईपर्यंत! स्वप्नात ‘ओकी’ही, म्हणजे अदृश्य शक्तीही, बोलत. खडक, सरोवर, जनावर, कशातही ओकी असू शकतो. पाद्र्यांनी त्यांना सरसकट सैतान ठरवलं, तेव्हा या नोंदी जरा पाखडूनच घ्याव्यात.

माझ्या आजीच्या स्वप्नात सप्तशृंगी आली की वणीला जाऊन खणा-नारळाने ओटी भरेपर्यंत घरात कुणाला चैन नसे. फरक एवढाच, की आमच्याकडे मागणं देवीचं, तिथे बहुधा स्वतःच्याच आत्म्याचं. लेखमालेच्या पुढच्या भागात या मंडळींना जागा मिळावी.

– एक निवृत्त प्रेस कामगार, जेल रोड, नाशिक रोड