हप्त्याहप्त्याने झालेल्या उशिराबाबत तक्रार

प्रति,
नोडल अधिकारी, प्रवासी तक्रार विभाग

विषय: 4 जानेवारीचा नागपूर–कोलकाता–गुवाहाटी प्रवास, उशिराची खरी वेळ लपवणे, कनेक्टिंग फ्लाइट चुकणे व खर्चाची भरपाई

महोदय,

4 जानेवारीला सकाळी 9.40 च्या तुमच्या विमानाने मी आणि माझी 74 वर्षांची आई नागपूरहून कोलकात्याला आणि तिथून दुपारी 1.15 च्या विमानाने गुवाहाटीला जाणार होतो. दोन्ही विमाने तुमचीच, पीएनआर एकच. नागपूरहून प्रत्यक्षात विमान सुटले संध्याकाळी 5.05 ला.

आधीच सांगते, धुक्याबद्दल माझी काही तक्रार नाही. जानेवारीत दिल्लीला धुके पडते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तिथे कॅट-3 (दाट धुक्यातही विमान उतरवण्याची) यंत्रणा असली तरी विमान आणि वैमानिक दोघेही त्यासाठी पात्र असावे लागतात, आणि सकाळी दिल्लीत अडकलेले विमान दुपारी नागपूरच्या लोकांना रखडवते, हेही समजते. तक्रार आहे ती तो उशीर तुम्ही आमच्या गळी कसा उतरवलात याची.

पहिला एसएमएस आला: 10.30. मग 11.20. मग 12.15, 1.30, 3.00 आणि शेवटी 4.50. प्रत्येक वेळी आधीच्या वेळेत पाऊण-एक तासाची भर, शेवटी शेवटी जरा सढळ हाताने. कारणही बदलत गेले. आधी हवामान, मग तांत्रिक अडचण, मग 'परिचालन कारणास्तव'. या शेवटच्या शब्दाचा अर्थ मी गेटवरच्या मुलीला विचारला. तिलाही तो ठाऊक नव्हता. बिचारीच्या हातात आमच्याइतकीच माहिती होती, म्हणजे तोच एसएमएस. तिच्याविरुद्ध या पत्रात एक अक्षरही नाही, ते तसे वाचूही नये.

शेजारी बसलेल्या एका कॉलेजच्या मुलाने विमानांचा माग काढणारे अ‍ॅप उघडून दाखवले. आमच्यासाठी येणारे विमान दिल्लीत उभे होते. 11.20 ला उभे, 1.30 लाही उभे. ते तिथून उडाले 3 वाजून 2 मिनिटांनी. म्हणजे तुमच्या एसएमएसप्रमाणे ज्या 3 वाजता ते आम्हाला घेऊन नागपूरहून निघायचे होते, तेव्हा त्याने दिल्लीची जमीनही सोडली नव्हती. दिल्ली ते नागपूर दीड तास लागतो. विमान कुठे आहे हे एका विद्यार्थ्याच्या फोनला कळते आणि ज्यांचे विमान आहे त्यांना कळत नाही, हे मी कसे मानू?

आता या हप्त्यांचा फायदा कोणाला, ते पाहू. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमाप्रमाणे अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला 2 तास उशीर झाला की खाणेपिणे द्यावे लागते. देशांतर्गत उड्डाणाला 6 तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल, तर दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे परत, हा पर्याय प्रवाशापुढे ठेवावा लागतो. साडेअकराला आम्ही नाश्ता मागितला, तर काउंटरवरून उत्तर आले, "मॅडम, नवीन वेळेपासून धरलं तर दहाच मिनिटं झालीत." नवीन वेळेपासून! घड्याळ दर तासाला मागे फिरवले तर कोणालाच कधी 2 तास उशीर व्हायचा नाही. दीड वाजता एक पॅटिस आणि रसाचा डबा मिळाला. आईला मधुमेह आहे. रस मी प्यायले. पैसे परत घेण्याचा पर्याय मात्र शेवटपर्यंत कोणी उच्चारला नाही. सकाळी साडेदहाला कोणी खरे सांगितले असते, तर मी आईला घेऊन सरळ घरी गेले असते आणि दोन दिवसांनी निघाले असते.

जानेवारी 2024 मध्ये धुक्यामुळे असाच गोंधळ झाला, तेव्हा डीजीसीएने तुम्हा सर्व कंपन्यांना उशिराची नेमकी माहिती वेळोवेळी देण्यास बजावले होते आणि 3 तासांहून अधिक उशीर दिसत असेल तर उड्डाण आधीच रद्द करण्याची मुभाही दिली होती. त्यामुळे हात बांधलेले होते असेही म्हणता येणार नाही.

कोलकात्याला पोहोचेपर्यंत रात्रीचे सात वाजले. गुवाहाटीचे विमान कधीच गेलेले. सकाळी 6.30 च्या विमानात जागा दिलीत, ती घेतली. रात्रीचे काय विचारल्यावर समोरच्या खुर्च्या दाखवण्यात आल्या. व्हीलचेअरवरच्या आईला रात्रभर खुर्चीत बसवायला माझे मन धजले नाही. हॉटेलचे 3,400 रुपये आणि टॅक्सीचे 620 रुपये मी भरले. एकाच तिकिटावरचे पुढचे विमान तुमच्यामुळे चुकले, तेव्हा हा खर्च तुमचा आहे. मूळ पावत्या जोडल्या आहेत.

हे 4,020 रुपये परत मिळावेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मला लेखी उत्तर हवे आहे: विमान दुपारपर्यंत दिल्लीहून निघत नाही हे तुमच्या नियंत्रण कक्षाला किती वाजता कळले, आणि त्यानंतर किती एसएमएस पाठवले गेले? 'झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' असे छापील उत्तर आले तर ते मी उत्तर धरणार नाही. कृपया पुढच्या प्रवासासाठी कूपनही पाठवू नये. 30 दिवसांत खुलासा आला नाही, तर हीच कागदपत्रे सरकारच्या एअरसेवा या विमानप्रवासी तक्रार पोर्टलवर आणि ग्राहक आयोगाकडे जातील.

सहाही एसएमएसची छायाचित्रे, दोन्ही बोर्डिंग पास आणि त्या मुलाने पाठवलेले अ‍ॅपचे चित्र सोबत आहे.

आपली,
एक प्रवासी
(पीएनआर व संपर्क तपशील जोडपत्रात)